बिनबंदुकीचा कॅप्टन

बॉम्बहल्ल्यात कोसळलेल्या घराच्या छपराचा पत्रा घ्यायचा. खाली एक सपाट दगड, हातात दुसरा. पत्र्याच्या कडा ठोकत ठोकत वर उचलायच्या आणि कोपरे न कापता दुमडून दाबून टाकायचे, म्हणजे भांडं गळत नाही. १९५०-५१ च्या हिवाळ्यात, चीन आणि कोरियाच्या हद्दीवरच्या यालू नदीकाठी, प्योकटोंग इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत एक अमेरिकन कॅप्टन अशी भांडी घडवत असे. भांड्यात बर्फ टाकायचा, कुंपणातून चोरून उपसलेली लाकडं खाली पेटवायची आणि पाण्याला खळखळून उकळी येईपर्यंत हलायचं नाही. तिथलं पाणी न उकळता प्यायलं की हगवण लागे, आणि उपाशी पोटी, त्या थंडीत हगवण लागलेला माणूस फार दिवस काढत नसे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून हा कॅप्टन गरम पाण्याचं भांडं घेऊन कैद्यांच्या खोल्यांतून फिरायचा आणि ‘गरम कॉफी’ अशी हाळी द्यायचा. कॉफीचा दाणाही त्या छावणीत नव्हता. पण हाळी ऐकून माणसं उठून बसायची, आणि उठून बसलेला माणूस त्या दिवसापुरता तरी वाचायचा.

त्यांचं नाव एमिल कपॉन. हुद्दा कॅप्टनचा, पण कमरेला पिस्तूल नाही, कारण ते सैन्यातले पाद्री होते. २०१३ साली, मृत्यूनंतर जवळजवळ बासष्ट वर्षांनी, त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. आपल्या परमवीरचक्राच्या जागी अमेरिकेत जे पदक आहे ते हे. त्याच्या सन्मानपत्रात १ आणि २ नोव्हेंबर १९५० या दोन दिवसांची कामगिरी नोंदलेली आहे. पत्र्याच्या भांड्याचा उल्लेख त्यात नाही. शौर्यपदक रणांगणावरच्या शौर्यासाठी असतं, तेव्हा नियमाला धरून ते बरोबरच झालं. तरीही छावणीतून जिवंत परतलेली माणसं म्हातारी होईपर्यंत बोलत राहिली ती त्या दोन दिवसांनंतरच्या पावणेसात महिन्यांबद्दल. कपॉन यांचं खरं युद्ध त्या महिन्यांत झालं, असं त्या आठवणी वाचून माझं मत झालं आहे, आणि म्हणून त्यांची गोष्ट पदकाच्या पुढे जाऊन सांगायला हवी.

कॅन्सस राज्यात, गव्हाच्या शेतांमध्ये पिल्सन नावाचं एक लहानसं गाव आहे. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, आलेल्या शेतकऱ्यांनी ते वसवलं. गाव छोटं, पण सेंट जॉन नेपोम्यूक यांच्या नावाचं चर्च मोठं. त्याचा उंच मनोरा लांबच्या शेतांतूनही दिसतो. एनोस आणि एलिझाबेथ कपॉन या शेतकरी जोडप्याच्या पोटी २० एप्रिल १९१६ रोजी एमिलचा जन्म झाला. त्याच्या पाठीवर युजीन. घरात चेक भाषा, बाहेर इंग्रजी, आणि दिवसभर शेतीची कामं. एक गोष्ट त्या भागात सांगतात: घरची गाय आईशिवाय कुणाला सडांना हात लावू देत नसे, तेव्हा आई नसताना एमिलने तिचे कपडे अंगात चढवून गाईला फसवलं आणि दूध काढलं. गोष्ट मजेची आहे, पण पुढचे कपॉन तिच्यात दिसतात. अडलेलं काम हाताशी असेल त्या वस्तूने पार पाडायचं आणि त्यात लाज बाळगायची नाही, हे त्या शेतावर शिकलेलं त्यांना यालूकाठी उपयोगी पडलं.

मिझुरीतल्या कन्सेप्शन मठाच्या शाळेत आणि नंतर सेंट लुईसच्या केनरिक सेमिनरीत त्यांचं शिक्षण झालं. ९ जून १९४० रोजी विचिटा शहरात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली ती पिल्सनलाच. गावच्या पोराला गावातच पाद्री करणं दिसायला छान, पण ज्यांच्या शेतात चेंडू खेळला त्या वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे पापनिवेदन करायचं म्हणजे अवघडच. कपॉन यांना तो अवघडलेपणा कळत होता आणि तो त्यांनी आपल्या बिशपांच्या कानावरही घातला. जवळच्या हेरिंग्टनला लष्कराचा विमानतळ होता. तिथल्या सैनिकांसाठी ते जाऊ-येऊ लागले आणि त्यांना आपली वाट सापडली. जुलै १९४४ मध्ये ते सैन्याच्या पाद्रीदलात दाखल झाले.

पहिली परदेशी नेमणूक भारत-ब्रह्मदेश आघाडीवर झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. १९४५ च्या वसंतात ते इकडे आले. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशाच्या जंगलातून चीनकडे जाणारा रस्ता अमेरिकन इंजिनिअर आणि हजारो स्थानिक मजुरांनी तेव्हा नुकता पुरा केला होता. त्या रस्त्यावर, जंगलात, डोंगरात सैनिकांच्या तुकड्या विखुरलेल्या होत्या. कपॉन जीपने किंवा विमानाने एकेका तुकडीपर्यंत पोचायचे. महिन्याला दोन हजार मैलांच्या आसपास त्यांचा प्रवास होई. जपानने शरणागती पत्करल्यावरही ते लगेच परतले नाहीत. १९४६ च्या मध्यापर्यंत सेवेत राहून मग कॅन्ससला गेले, शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं, टिमकेन नावाच्या दुसऱ्या एका चेक वस्तीत पाद्री झाले. पण मन तिथे रमलं नाही. १९४८ मध्ये त्यांनी बिशपांची परवानगी मिळवली आणि पुन्हा गणवेश चढवला.

सैन्यातला पाद्री म्हणजे नेमकं काय, हे इथेच सांगून टाकतो. अमेरिकेच्या सैन्यात ही परंपरा १७७५ पासूनची, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यघोषणेहूनही जुनी आहे. पाद्री अधिकारी असतो पण शस्त्र बाळगत नाही; बंदूक असते ती त्याच्या मदतनिसाकडे. जिनिव्हा करारानुसार तो लढवय्या नसल्याने शत्रूच्या हाती पडला तरी त्याला युद्धकैदी मानायचं नसतं, आपल्या माणसांची सेवा करू द्यायची असते. आपल्या सैन्यातही धर्मगुरू असतात; पलटणीत पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री असतात. ते जेसीओ हुद्द्याचे, आणि त्यांचं प्रशिक्षण पुण्यातल्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतं. एकाच धर्मगुरूला वेळप्रसंगी दुसऱ्या धर्माच्या जवानाच्या उशाशीही बसावं लागतं, हे आपल्या पंडितजींना जितकं ठाऊक, तितकंच कपॉन यांना ठाऊक होतं. मरणाऱ्याला तू कोणत्या पंथाचा, हे विचारत बसणं त्यांना जमलं नसतं.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. कपॉन तेव्हा जपानात, पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनच्या आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटबरोबर होते. नावात घोडदळ असलं तरी ते पायदळच होतं. १८ जुलैला ही डिव्हिजन पोहांगच्या किनाऱ्यावर उतरली. त्याच्या दोनच दिवस आधी, कुम नदीजवळच्या डोंगरावर हर्मन फेलहोल्टर नावाचा दुसरा एक कॅथलिक पाद्री मारला गेला होता. हलवता न येणाऱ्या तीसेक जखमींपाशी तो थांबला, बरोबरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याने निघून जायला लावलं, आणि जखमींसाठी प्रार्थना करत असतानाच उत्तर कोरियन सैनिकांनी त्याच्यासह सगळ्यांना गोळ्या घातल्या. जखमींपाशी थांबणाऱ्या पाद्र्याचं या युद्धात काय होतं, हे कपॉन कोरियात पाऊल ठेवण्याआधीच दिसून आलं होतं.

उन्हाळाभर अमेरिकन सैन्य मागे हटत होतं. कपॉन यांची जीप गेली, मिस्सेचं, म्हणजे कॅथलिक उपासनेचं, साहित्य गेलं. मग कुठून तरी मिळवलेल्या सायकलीवरून ते आघाडीवरच्या खंदकांपर्यंत जायचे. २ ऑगस्टला कुमचॉनजवळ एक जखमी जवान पुढे अडकला होता आणि स्ट्रेचर उचलायला माणसं नव्हती. मशिनगनचा मारा चालू असताना कपॉन आणि त्यांचा मदतनीस जाऊन त्याला घेऊन आले. त्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार मिळाला. त्यांना पाइप ओढायची सवय होती. एकदा गोळीने तो पाइप तोंडातच फुटला, आणि तुटका पाइप हातात धरून उभे असलेले कपॉन एका छायाचित्रात दिसतात. त्यांचं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मात्र ऑक्टोबरमधलं आहे: उघड्या माळावर उभी जीप, तिच्या बॉनेटची वेदी केलेली, मागे पाठमोरा गुडघे टेकलेला मदतनीस आणि हात पसरून मिस्सा सांगणारे कपॉन. संध्याकाळी वेळ मिळाला की ते मेलेल्या जवानांच्या घरी पत्रं लिहायचे.

तोवर युद्धाचं पारडं फिरलं होतं. सप्टेंबरात इंचॉनला सैन्य उतरवून जनरल मॅकआर्थर यांनी उत्तर कोरियाची कोंडी केली. प्योंगयांग पडलं, आणि नाताळला घरी जायचं, अशी भाषा सुरू झाली. आठवी कॅव्हलरी उत्तरेकडे सरकत यालूपासून साठेक मैलांवरच्या उन्सान गावापाशी आली. उत्तर कोरियाच्या मदतीला निघालेले चीनचे हजारो सैनिक रात्री चालत, दिवसा डोंगरात दडत तिथे आधीच येऊन बसले होते. वरच्या मुख्यालयांना त्यांच्या खुणा कळवल्या जात होत्या, पण त्यावर विश्वास ठेवायची कुणाची तयारी नव्हती. या चुकीची किंमत उन्सानला ज्यांनी मोजली त्यांच्यात ती चूक करणारं कुणी नव्हतं.

१ नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा सण. २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस, ज्या संध्याकाळी आपल्या वसईतही दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळतात. या दोन दिवसांच्या मधल्या रात्री चिनी सैन्य आठव्या कॅव्हलरीवर तुटून पडलं. बिगुल आणि शिट्ट्या वाजवत लाटांमागून लाटा आल्या. कपॉन तिसऱ्या बटालियनबरोबर नदीकाठच्या सपाटीवर होते. पहाटे तीनच्या सुमाराला हल्ला त्यांच्यापर्यंत पोचला आणि हातघाईची लढाई सुरू झाली. गोळीबारातून कपॉन इकडून तिकडे धावत होते. मरणाऱ्याचे डोळे मिटायचे, जखमीला खेचून आणायचं, पुन्हा बाहेर जायचं. निसटण्याची संधी त्यांना होती. धडधाकट असतील त्यांनी निघून जावं, असा हुकूमही सुटला. एका मोठ्या खंदकात जखमी गोळा केले होते. कपॉन आणि बटालियनचे डॉक्टर कॅप्टन क्लॅरन्स अँडरसन त्यांच्यापाशी थांबले.

चिनी तुकडी त्या खंदकापर्यंत आली. अशा वेळी आत हातबाँब टाकून पुढे जाण्याची रीत असते. जखमींमध्ये एक चिनी अधिकारीही होता. कपॉन यांनी त्याला गाठलं, समजावलं, आणि त्याने बाहेरच्या आपल्या माणसांशी बोलून शरणागती मान्य करवून घेतली. शत्रूच्या या जखमी अधिकाऱ्याचीही शुश्रूषा झाली होती, म्हणून हा उपाय हाताशी राहिला.

थोड्या वेळाने कपॉन यांना रस्त्याने नेलं जात होतं. रस्त्याच्या कडेच्या चरात सार्जंट हर्बर्ट मिलर पडलेला होता. हातबाँबने त्याचा घोटा फुटला होता आणि रात्रभर त्याने एका मेलेल्या शत्रुसैनिकाचं प्रेत अंगावर ओढून स्वतःला लपवलं होतं. एका चिनी सैनिकाला तो सापडला. त्याने मिलरच्या डोक्यावर बंदूक रोखली. कपॉन पहाऱ्यातून सरळ बाहेर पडले, रस्ता ओलांडला, त्या सैनिकाची बंदूक हाताने बाजूला सारली, मिलरला उचललं आणि पाठीवर घेऊन चालू लागले. सैनिक बघत राहिला. त्याने गोळी का झाडली नाही, हे मिलरला मरेपर्यंत उमगलं नाही. मला वाटतं, एखादा माणूस असा वागेल ही शक्यताच त्या सैनिकाच्या हिशेबात नव्हती.

त्या बटालियनच्या सुमारे आठशे माणसांपैकी जेमतेम दोनशे सुटले. उरलेल्यांतले जे जिवंत होते त्यांची उत्तरेकडे पायपीट सुरू झाली. रात्री चालायचं, दिवसा खोपटांत दडायचं, आणि जो मागे राहील त्याला पहारेकरी गोळी घालत. स्ट्रेचर उचलायला दमलेले जवान नकार देऊ लागले. हुद्द्याने हुकूम सोडून तिथे काही उपयोग नव्हता. कपॉन स्वतः एका स्ट्रेचरचा दांडा खांद्यावर घेत, मग दुसरे येत. मिलरला त्यांनी कधी पाठीवर घेतलं, कधी आधार देऊन एका पायावर चालवलं. मला खाली ठेवा, असं मिलर म्हणाला, तेव्हा खाली ठेवलं तर ते तुला मारतील, एवढंच त्यांनी सांगितलं. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून त्याच वर्षी बाहेर पडलेला माइक डाउ नावाचा तरुण लेफ्टनंट त्यांना याच वाटेवर भेटला. पुढे जगाला कपॉन यांची ओळख झाली ती मुख्यतः या डाउमुळे.

आधी एका अरुंद खोऱ्यात आणि मग जानेवारीपासून प्योकटोंगच्या पाच नंबरच्या छावणीत कैद्यांना ठेवलं. तो हिवाळा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांचा होता. अंगावर उन्हाळी गणवेश. मातीच्या लहान खोल्यांत माणसं इतकी दाटीने झोपत की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. खायला मूठभर भरडलेला मका किंवा राळ्यासारखं धान्य. वाईट दिवसांत त्या छावणीत दिवसाला डझन-दोन डझन माणसं मरत. या युद्धात कैद झालेल्या सुमारे ७,१०० अमेरिकनांपैकी २,७०० हून अधिक कैदेत मेले, आणि त्यांतले बहुतेक या पहिल्याच हिवाळ्यात.

कपॉन यांनी चोरी करायला घेतली. रात्री ते छावणीच्या धान्याच्या कोठाराकडे सरपटत जायचे आणि मका, बटाटे, मीठ घेऊन यायचे. दिवसाही एखादा साथीदार पहारेकऱ्याशी मुद्दाम भांडण उकरून काढी आणि तेवढ्यात पाद्रीबुवा पोतं उचलून पसार होत. निघण्याआधी ते संत डिस्मासची प्रार्थना करत. येशूच्या शेजारी क्रुसावर चढवलेला आणि अखेरच्या क्षणी पश्चात्ताप पावलेला चोर तो हा. आणलेलं सगळं धान्य सामाईक भांड्यात जाई. सुरुवातीला काही जण चोरलेला घास एकट्याने गिळत. कपॉन त्यांना बोलले नाहीत. आपला वाटा सर्वांपुढे ठेवून, एकत्र खाता येतंय याबद्दल देवाचे आभार मानून ते जेवायला बसत. हळूहळू लपवाछपवी थांबली.

उवा हा तिथला दुसरा मारेकरी. अशक्त माणसाच्या अंगावर त्या शेकड्यांनी चढत आणि ज्याच्या बोटांत त्या वेचायची ताकद उरत नसे तो दोन-तीन दिवसांत जाई. कपॉन अशा माणसाला मांडीशी घेऊन त्याच्या शिवणींतून, केसांतून एकेक ऊ वेचून मारत. हगवणीने माखलेल्यांना ते धुऊन काढत, त्यांच्या विजारी गोठत्या पाण्यात धूत. मेलेल्यांना पुरायचं काम कुणालाच नको असे. जमीन दगडासारखी गोठलेली, अंगात त्राण नाही. कपॉन ते मागून घेत. त्यामुळे मेलेल्यासाठी दोन शब्द प्रार्थनेचे म्हणता येत, आणि त्याचे कपडे आणून, धुऊन, उघड्यावर पडलेल्या जिवंत माणसाच्या अंगात घालता येत. स्वतःचं घड्याळ देऊन त्यांनी एक घोंगडी मिळवली आणि ती कापून इतरांसाठी मोजे केले.

अधिकाऱ्यांना जवानांपासून वेगळं ठेवलेलं होतं आणि प्रार्थनेला बंदी होती. तरी संध्याकाळी कपॉन नजर चुकवून जवानांच्या खोल्यांत शिरत. धूम्रपानाची वेडी हौस असलेले हे पाद्री आपला तंबाखूचा वाटा तिथे फिरवत. मग आपण थोडी प्रार्थना करू या का, असं विचारत, दोन मिनिटांत ती उरकत आणि पुढच्या खोलीकडे सटकत. साम्यवादाची सक्तीची व्याख्यानं चालत, तिथे ते शांतपणे, आवाज न चढवता उत्तर देत. छावणीच्या अधिकाऱ्यांना त्यांच्यावर हात टाकायचं धाडस होत नव्हतं, कारण त्यांना मारलं तर कैदी बिथरतील हे दिसत होतं. दाढी वाढलेली, डोक्यावर स्वेटरच्या बाहीची टोपी, लाकूड फोडताना ढलपी उडून दुखावलेल्या डोळ्यावर पट्टी, असं त्यांचं त्या दिवसांतलं रूप साथीदारांनी वर्णन केलं आहे.

२५ मार्च १९५१ ला ईस्टर होता. पहाटे छावणीतल्या एका उद्ध्वस्त चर्चच्या पायऱ्यांपाशी ऐंशीएक अधिकारी जमले. त्यांत कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, ज्यू होते आणि देव न मानणारेही होते. भाकरी नाही, द्राक्षरस नाही, त्यामुळे मिस्सा सांगता येत नव्हती. काटक्या बांधून क्रूस केलेला. कपॉन यांनी गळ्यात जांभळा स्टोल घातला आणि येशूच्या छळाची आणि मृत्यूची कथा वाचली. ऐकणाऱ्यांना ती कथा परकी राहिली नव्हती. शेवटी सगळ्यांनी मोठ्याने गाणी म्हटली, आणि ती ऐकून लांबच्या आवारांतल्या जवानांनीही आपला सूर त्यात मिळवला. पहारेकरी मधे पडले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कपॉन कोसळले. पायात रक्ताची गुठळी झाली होती, पाय सुजून काळानिळा झाला होता. अँडरसन आणि सिडनी एसेन्स्टेन या कैदी डॉक्टरांनी पाय उंच बांधून, शेकून त्यांना जपलं. सगळ्यांनी घासातला घास काढून दिला. ते सावरूही लागले. मग हगवण, मग न्यूमोनिया. न्यूमोनियाचा तापही उतरू लागला होता, तेव्हा पहारेकरी त्यांना इस्पितळात न्यायला आले. इस्पितळ म्हणजे टेकडीवरची एक रिकामी इमारत. औषध नाही, अन्न बहुधा नाही; तिथे गेलेला माणूस परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कैदी आडवे झाले, धक्काबुक्की झाली. आपल्यामुळे कुणी मरू नये म्हणून कपॉन यांनीच त्यांना थांबवलं. मी नेहमी जिथे जायचं म्हणत होतो तिथे जातोय, रडू नका, असं त्यांनी डाउला सांगितलं. प्रार्थनापुस्तक लेफ्टनंट राल्फ नार्डेलाच्या हाती दिलं आणि प्रार्थना चालू ठेवायला सांगितलं. ज्यांनी न्यायला माणसं पाठवली त्यांना क्षमा कर, असं ते देवाला म्हणाले. सहकाऱ्यांनीच त्यांना उचलून तिथवर नेलं. २३ मे १९५१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय पस्तीस.

या युद्धात कैद झालेला अमेरिकन सैन्यातला एकही पाद्री जिवंत परतला नाही.

१९५३ च्या उन्हाळ्याअखेरीस कैद्यांची अदलाबदल सुरू झाली. परत न जाऊ इच्छिणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांची, तशाच मूठभर अमेरिकनांची राखण करायला भारताने सेना पाठवली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. खवळलेल्या कैद्यांनी ओलीस धरलेल्या आपल्या अधिकाऱ्याला सोडवायला ते निःशस्त्र त्यांच्या गोटात शिरले होते. त्यांच्या ताब्यातले कैदी वेगळे आणि कपॉन यांचे सोबती वेगळे. हे सोबती तोवर हद्द ओलांडून गेले होते. पण कोरियातल्या युद्धकैद्यांच्या इतिहासात मराठी माणसाचं हे पान आहे, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत.

प्योकटोंगचे कैदी हद्द ओलांडून आले तेव्हा त्यांनी बरोबर एक लाकडी क्रूस आणला. चार फुटांच्या आसपास उंच. तो कोरला होता जेराल्ड फिंक या मरीन कोअरच्या वैमानिकाने. फिंक ज्यू होता, आणि कपॉन यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं; तो छावणीत आला तोवर ते गेले होते. पण येणाऱ्या प्रत्येकाला जुने कैदी कपॉन यांच्याच गोष्टी सांगत. जळणाच्या लाकडातून, बुटातल्या लोखंडी पट्टीचा चाकू करून, फिंकने कित्येक महिने तो क्रूस कोरला आणि येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट तारेचा केला. आज तो विचिटात कपॉन यांच्या नावाच्या शाळेत आहे. एका ज्यू माणसाने, न पाहिलेल्या कॅथलिक पाद्र्यासाठी, पकडला गेल्यास शिक्षा होईल हे माहीत असून हे काम केलं. कपॉन यांच्याविषयीच्या सगळ्या साक्षींत मला ही सर्वांत मोठी वाटते.

१९५४ च्या जानेवारीत ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये डाउची आठवण छापून आली. सैन्याने १९५१ मध्येच कपॉन यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस जाहीर केला होता. तो वाढवून सर्वोच्च पदक द्यावं, यासाठी सोबत्यांनी अनेक दशकं खटपट केली. मुदत केव्हाच उलटून गेलेली, तेव्हा अमेरिकन काँग्रेसची खास परवानगी लागली. ११ एप्रिल २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ते पदक पुतण्या रे कपॉन यांच्या हाती दिलं. भाऊ युजीन तोवर हयात नव्हता. मिलर मात्र होता, डाउही होता.

देहाचा प्रश्न राहिला होता. युद्धानंतर १९५४ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मृतांचे अवशेष परत केले. ओळख न पटलेले शेकडो अवशेष होनोलुलूच्या लष्करी दफनभूमीत ‘अज्ञात’ म्हणून पुरले गेले. कपॉन त्यांतच होते, हे सदुसष्ट वर्षं कुणाला कळलं नाही. ते अवशेष काढून तपासायचं काम अलीकडे सुरू झालं, आणि मार्च २०२१ मध्ये दातांच्या नोंदी आणि डीएनएवरून त्यांची ओळख पटली. सप्टेंबरमध्ये त्यांना आधी पिल्सनला नेलं, मग विचिटाच्या कॅथीड्रलमध्ये विसावा मिळाला. त्याच वर्षी दक्षिण कोरियानेही आपलं सर्वोच्च लष्करी पदक त्यांना दिलं.

आता प्रश्न संतपदाचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ ठरवलं. धर्मासाठी हौतात्म्य किंवा असामान्य सद्गुण, या जुन्या निकषांवर नव्हे. इतरांसाठी स्वतःचं आयुष्य देऊन टाकलं, असा एक निकष चर्चने २०१७ मध्ये नव्याने स्वीकारला आहे, त्यावर हा निर्णय झाला. सैन्याच्या सन्मानपत्रात जे बसलं नव्हतं, ते उवा वेचणं, विजारी धुणं, पत्रा ठोकणं, या निकषात अगदी नेमकं बसतं. पुढच्या पायरीसाठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. कॅन्ससच्या लोकांनी तोवर वाट पाहिलेली नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी विचिटाहून पिल्सनला शेकडो माणसं पायी निघतात. सुमारे शंभर किलोमीटर, शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांनी, वारीसारखी मुक्काम करत. उन्सानहून प्योकटोंगला कैद्यांनी केलेल्या पायपिटीची आठवण ही वाट करून देते.